ऐकणारा बॉलर

खासबाग मैदानात कुस्ती बघायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. हौद्यात पैलवान दोन असतात आणि कुस्ती करणारे बाहेर काही हजार. "पट काढ!" "घिस्सा मार, घिस्सा!" "आरं ढाक लाव की, वाट कुणाची बघालास?" असा चारी बाजूंनी सल्ला कोसळत असतो आणि आतला पैलवान, कान मोडलेले असतात म्हणून असेल, त्यातलं एक अक्षर मनावर घेत नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, हे मैदान उभं राहिलं ते अशा बेतानं, की कुठंही बसा, कुस्ती दिसली पाहिजे. कुठूनही ओरडा, पैलवानाला नीट ऐकू गेलं पाहिजे, अशी सोय मात्र ठेवलेली नाही. महाराज द्रष्टे होते म्हणतात ते उगीच नाही.

कोल्हापूरकराला सल्ला द्यायला विषयाचं ज्ञान लागत नाही, बसायला कट्टा लागतो. शाहू स्टेडियमवर तालमींचा फुटबॉल असला की गोलकीपरच्या पाठीमागं दोनशे प्रशिक्षक उभे. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली तर ढकलायला दोघं येतात आणि 'प्लग साफ करा' म्हणून सांगायला सात. मी याच परंपरेतला. तीस वर्षं टीव्हीसमोर बसून भारताची बॉलिंग मी सांभाळली आहे. श्रीनाथला स्लिप किती ठेवायच्या, कुंबळेला कुठल्या टोकाकडून आणायचं, झहीर खानची शेवटची ओव्हर कशासाठी राखायची, हे सगळं मी वेळच्या वेळी आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत आलो. एकानंही ऐकलं नाही. तरीसुद्धा २०११ चा वर्ल्ड कप आपण जिंकला, हे मी मोठ्या मनानं मान्य करतो.

मग गेल्या जुलैत, पाऊस लागून घरात अडकून पडलो असताना, पुतण्यानं माझ्या मोबाइलवर एक गेम घालून दिला. "काका, ह्यात तुमी म्हणाल तसं बॉलर टाकतोय बघा." आणि आयुष्यात पहिल्यांदा बॉलर माझं ऐकायला लागला. तिथून माझे दिवस फिरले.

हा अंगठ्यानं बॅट फिरवायचा गेम नव्हे. यात आपण खेळायचंच नाही. टीम निवडायची, फील्डिंग लावायची, बॉलर कोण ते सांगायचं आणि गप बघत बसायचं. म्हणजे मी आजवर करत होतो तेच, फक्त सही-शिक्क्यानिशी. इंग्रजांनी ही युक्ती १९९८ मध्येच कॉम्प्युटरवर आणली होती, 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' या नावानं. तेव्हा आम्ही बुक क्रिकेटच्या पलीकडं गेलो नव्हतो. इतिहासाचं पुस्तक उघडायचं, पानाचा शेवटचा आकडा बघायचा, चार आला तर चौकार, शून्य आला तर आउट. आता मागं वळून बघताना जाणवतं, की बुक क्रिकेटमध्ये बॉलर नावाचा माणूसच नव्हता. पानिपत, तह, कर, मग एकदम आउट. कुणी काढला, कशानं काढला, विचारायची पद्धत नाही. बॉलिंगबद्दलची माझी समज त्या पायावर उभी आहे.

गेममध्ये प्रत्येक बॉलरच्या नावापुढं एक पट्टी असते. ती डावीकडं ओढली की तो सांभाळून टाकतो, उजवीकडं ओढली की जीव खाऊन. सांभाळून टाकला तर रन कमी जातात पण विकेट मिळत नाही. जीव खाऊन टाकला तर विकेटची आशा आणि चौकारांची खात्री. शिवाय ऑफला टाकायचा की पायावर, ओव्हर द विकेट की राउंड द विकेट, फील्डिंग चढाईची की बचावाची. आणि खाली एका हिरव्या रेघेत त्याचा दम किती उरला ते. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पट्ट्या उजवीकडं नेऊन टेकवल्या. ज्या गावात रश्श्याला 'मध्यम तिखट' हा प्रकारच माहीत नाही, तिथला माणूस पट्टी मधे कशी ठेवील? समोरच्यांनी वीस ओव्हरमध्ये २३८ केले. आमच्या पहिल्या बॉलरचा दम तिसऱ्या ओव्हरलाच संपला आणि रेघ हिरवीची लाल होऊन लुकलुकायला लागली. मला वाटलं, चार्जिंग संपलं. मी मोबाइल चार्जिंगला लावला. बॉलर तसाच.

गेममधल्या बॉलरना नावं असतात, पण ती कॉम्प्युटरनं दोन याद्या एकत्र ढवळून काढलेली. नाव केरळचं, आडनाव पंजाबचं. आपलं माणूस वाटेना. म्हणून मी त्यांना स्वभावावरून नावं पाडली. फास्ट बॉलर तो 'एसटी'. लांबून येतो, आवाज फार करतो, आणि घाट लागला की इंजिन तापतं. लेगस्पिनर 'पंत'. विद्वान माणूस, ओव्हरमध्ये एक बॉल असा टाकतो की टाळी वाजवावी, उरलेले पाच त्या एकावरचं निरूपण असतं. डावखुरा तो 'जावई'. लिलावात परवडत नसताना घेतलेला. नवा बॉल दिला नाही तर त्याचा फॉर्म दोन मॅच उतरतो, त्यामुळं नवा बॉल त्यालाच, पाटावर बसवून. ऑफस्पिनर 'डबा', म्हणजे वेळेवर येतो, आत काय असेल ते आधीच माहीत असतं. आणि मध्यमगती बॉलर, ज्याला ना वेग ना स्विंग, पण ज्याची चाल पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत एक सूत बदलत नाही, तिचं नाव 'म्हैस'. बॉलर पुरुष आहे हे मला दिसतं. पण नाव एकदा पडलं की लिंग त्याच्यामागून येतं, आणि म्हैस ही कोल्हापुरात शिवी नव्हे, पत आहे.

बॅट्समनच्या नावापुढंही एक पट्टी असते. तो क्रीजवर किती रुळला ते त्यात दिसतं. पुतण्या तिला 'सेटल' म्हणतो. मला ती पहिल्या दिवसापासून राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वाटत आली आहे. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जुलै-ऑगस्टात आमच्या गावात कुणी कुणाला 'बरं आहे का' विचारत नाही, 'पाणी किती' विचारतं, आणि समोरचा फूट-इंचांत उत्तर देतो. तसंच इथं. पट्टी निम्म्याला आली की मी अस्वस्थ व्हायचो, पाऊण झाली की सामान माळ्यावर. आणि पट्टी भरली, की राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे. ते उघडायला कुणाचा हुकूम लागत नाही आणि आपण मिटा म्हटल्यानं मिटत नाहीत. वर पाण्याचा दाब आला की आपोआप वर, दाब कमी झाला की आपोआप खाली. भरलेल्या बॅट्समनपुढं मी एसटी लावली, पंत लावले, डबा लावला, पट्ट्या डावीकडं-उजवीकडं ओढून बोट दुखलं. पाणी यायचं तेवढं आलंच.

त्यातून मला जे काही शास्त्र कळलं ते एवढंच: धरण भरायच्या आधी काय ते करा. नवा बॅट्समन आला की त्याच्या पहिल्या आठ-दहा बॉलांत आपल्याकडचा सगळ्यात भारी बॉलर त्याच्यासमोर पाहिजे. पट्टी उजवीकडं, स्लिप आत, रन गेले तर जाऊ देत. तो एकदा रुळला की मग भारी बॉलर त्याच्यावर खर्ची घालू नये. म्हैस सोडावी, फील्डर लांब पाठवावेत, एकेक रन घेऊ द्यावा आणि दुसऱ्या टोकाकडून त्याच्या जोडीदाराला गाठावं. वाचायला किती सोपं. हे कळायला मला दोन महिने आणि एकोणीस पराभव लागले.

एकोणिसाव्या पराभवानंतर मी मोबाइल घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. तिथं संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ निरसं दूध पेल्यातून हातात देतात. आमची बैठक तिथलीच. तात्या, आण्णा आणि शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. एकट्यानं हरण्यापेक्षा समिती नेमावी असं मी ठरवलं. कुठल्याही अपयशाला समिती हे चांगलं पांघरूण असतं.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल ताब्यात घेतला.

"म्हशीला आता लावू नगो. दमलीया ती."

दूधवाला पेला विसळता विसळता थांबला. "कोण म्हणतंय दमलीया? सकाळपास्नं बसून हाय."

"आमची म्हैस हो. तीन झाल्यात तिच्या."

"तीन?" त्यानं आमच्याकडं आदरानं बघितलं. "आन् किती देती?"

"ओव्हरला नऊ," आण्णा म्हणाले.

"लिटर?"

"रन."

त्या दिवसापासून तो आमचं दूध आधी काढून देतो आणि आमच्याशी कमी बोलतो.

मास्तरांचा स्वभाव पुराव्यानिशी बोलायचा. ते म्हणाले, बॉलिंग म्हणजे बापू नाडकर्णी. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ एकवीस ओव्हर निर्धाव. डावाचा हिशेब ३२-२७-५-०. बत्तीस ओव्हरमध्ये पाच रन. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवायचे आणि त्याच्यावर टप्पा पाडायचे. "तुझ्या म्हशीला नाडकर्णी कर. पट्टी पूर्ण डावीकडं, ऑफच्या बाहेर एकच टप्पा, फील्डरांचं कडं. समोरचा कंटाळून मरतोय का न्हाई बघ."

मी तसं केलं. म्हैस चार ओव्हरमध्ये ४६. कारण मास्तरांनी सांगितलं त्यात एक बारीकसं कलम राहून गेलं होतं. नाडकर्णींसमोर बोलस आणि बॅरिंग्टन होते, कसोटी पाच दिवसांची होती आणि दोघांना कुठं लग्नाला जायचं नव्हतं. आमच्यासमोरच्याला एकशेवीस बॉलांत घर गाठायचं होतं. तो कंटाळणार कधी? शिवाय वीस ओव्हरच्या मॅचमध्ये बॉलरला चारच ओव्हर मिळतात. चार ओव्हरमध्ये नाडकर्णींनी फक्त नाणं कुठं ठेवायचं ते ठरवलं असतं.

तात्यांचं मत वेगळं. "हे मवाळ काम झालं. जार्डिननं काय केलं? १९३२-३३ ला लारवूडला सरळ अंगावर टाकायला लावलं आन् पायाच्या बाजूला सगळी फौज उभी केली. ब्रॅडमनचं तेज उतरवलं का न्हाई?" आम्ही एसटीला अंगावर टाकायला सांगून लेगच्या मागं तिसरा फील्डर ओढला. मोबाइलनं तो परत होता तिथं नेऊन ठेवला. पुन्हा ओढला, पुन्हा परत. लेगला स्क्वेअरच्या मागं दोनपेक्षा जास्त फील्डर चालत नाहीत, असा नियम आहे. "असणारच," तात्या म्हणाले. "पोट भरून जेवायचं आन् मग उपासाचा नियम काढायचा."

आण्णांना शेवटच्या बॉलला सरपटी टाकायची होती. १९८१ मध्ये मेलबर्नला न्यूझीलंडला टाय करायला शेवटच्या बॉलवर सहा हवे असताना ग्रेग चॅपलनं भावाला, ट्रेव्हरला, सरपटी टाकायला लावली आणि दोन देशांचे पंतप्रधान त्यावर बोलले. आमच्या गल्लीत ती रोज पडायची, कुणी नगरसेवकसुद्धा बोलला नाही. गेममध्ये सरपटीचं बटणच नाही. आण्णांचा गेमवरचा विश्वास तिथंच उडाला.

समितीच्या सल्ल्यानं आम्ही आणखी सहा हरलो. शेवटी मी पुतण्यालाच गाठलं. म्हटलं, आत नेमकं चालतं काय ते सांग. तो कॉम्प्युटरचं शिकतो, त्यामुळं सोपं सांगायची सवय अजून गेलेली नाही. म्हणाला, "काका, बॉलरचे आकडे घ्यायचे, बॅट्समनचे घ्यायचे. पिच, दम, तुमची पट्टी, फील्डिंग, सगळं त्यात मिसळायचं. मग एक फासा टाकायचा. फाशावर चौकार आला तर चौकार. तुमाला जे चित्र दिसतंय ना, तो पळत येतोय, बॉल टाकतोय, ते सगळं निकाल लागल्यावर दाखवत्यात."

"म्हणजे एसटी पळत यायला लागते तेव्हा…"

"तेव्हा चौकार बसून झालेला असतो."

मी बराच वेळ गप्प बसलो. हे मी कुठंतरी बघितलेलं होतं. मग आठवलं: साखर कारखान्याची वार्षिक सभा. अध्यक्ष माइकपाशी येऊन घसा खाकरतात, पहिला विषय वाचायला तोंड उघडतात, तेवढ्यात पुढच्या दहा रांगांतून "मंजूर! मंजूर!" आणि मागून "नामंजूर!" असा गजर होतो आणि दहा मिनिटांत लोक जेवायला. सविस्तर चर्चा होते ती नंतर, इतिवृत्तात. आमची एसटी बिचारी एवढ्या लांबून धापा टाकत येते ती इतिवृत्त लिहायला.

"मग माझ्या पट्टी ओढण्याचा उपयोग काय?"

पुतण्याला माझी दया आली असावी. "तुमी फाशाची एक बाजू वाईच घासताय, काका. लई न्हाई. वाईच."

खोटं कशाला बोलू, या उत्तरानं माझं डोकं ठिकाणावर आलं. हौद्याची माती आमच्याकडं ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळतात, म्हणून काही पैलवान जिंकत नाही. पण मळलेली नसली तर पडणाऱ्याची कातडी जाते. पट्टीचंही तसंच काही असावं. मी खेळपट्टीचा अहवाल वाचायला लागलो. कोरडी म्हटली की पंत आणि डबा दोघं, हिरवी म्हटली की एसटी. उजव्या हाताचा बॅट्समन असेल तर बॉल त्याच्यापासून बाहेर वळवणारे पंत, डावखुरा आला की डबा. पहिल्या सहा ओव्हर दोनच फील्डर कडेला ठेवता येतात, तेवढ्यात कुणाला झाकायचं आणि कुणाला पुढं करायचं. वहीत पाच बॉलर गुणिले चार ओव्हर असा तक्ता आखला. माझ्या नोकरीत मी कधी इतकी नेटकी वही ठेवली नव्हती. तसं साहेबांनी निरोपाच्या भाषणात सूचितही केलं होतं. आम्ही जिंकायला लागलो. सगळ्याच नाही, पण दहात सहा.

आणि मग ती फायनल.

समोरच्यांना १६२ हवे होते. सतराव्या ओव्हरअखेर तक्ता असा होता: एसटीची एक शिल्लक, जावयाची एक, म्हशीची एक, पंतांची एक. मधे एक ओव्हर सहाव्याच कुणाला तरी देऊन बसलो होतो, त्यामुळं ओव्हर उरल्या तीन. म्हणजे एकाची वाया जाणार, आणि कुणाची ते मीच ठरवायचं. असा अधिकार मला घरात कधी मिळालेला नाही. त्यांना ३३ हवे होते. सतराव्या ओव्हरच्या शेवटच्या बॉलवर डब्यानं एक काढला होता, त्यामुळं नवा बॅट्समन येत होता. माझं धरणाचं शास्त्र सांगत होतं, भारी बॉलर आत्ताच. मी एसटी सोडली, पट्टी उजवीकडं, स्लिप आत. नवा वाचला. एक चौकार स्लिपच्या डोक्यावरून गेला, एक पायाला लागून. अकरा गेले. एकोणिसावी जावयाला दिली. मानापमान बाजूला ठेवून त्यानं आठच दिले. लिलावात गेलेले पैसे मला त्या ओव्हरपुरते विसरायला झाले.

शेवटच्या ओव्हरला १४. म्हैस की पंत?

ही मागून कपबशा गोळा करत होती. क्रिकेटमधलं तिला फक्त एवढं माहीत, की ते लागलं की मी कुठलंही काम ऐकत नाही. ती खांद्यावरून वाकून म्हणाली, "मी सांगतो, त्या पंताला द्या."

आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात, पण त्या क्रियापदात जो अधिकार आहे तो 'सांगते'मध्ये येणार नाही.

"का?"

"कवापास्नं बघालोय. ती दोघं सरळ आलेलं सगळं हाणालेत. वाकडं कुणी टाकलंच न्हाई त्यास्नी."

तीस वर्षं टीव्हीसमोर घालवून मला जे दिसलं नव्हतं ते तिला कपबशा गोळा करता करता दिसलं, हे मला त्याक्षणी कळलं असतं तर ही हकीकत वेगळी झाली असती. मला कळलं ते असं: पंतांचा काही भरवसा नाही, म्हैस खात्रीची. मी म्हैस लावली. पट्टी डावीकडं, फील्डर सगळे दोरीवर.

सहा. शून्य. चार. वाइड. मग पुन्हा चार, पंधरा झाले, मॅच संपली, दोन बॉल शिल्लक. कॉम्प्युटरनं तिकडं फटाके उडवले.

ही कपबशा घेऊन स्वयंपाकघराकडं जाताना म्हणाली, "तुमी कुणाचं ऐकत न्हाई, आन् ती म्हैस तुमचं सगळं ऐकती."

त्यानंतर काही दिवस मी मोबाइलला हात लावला नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आला तो नवा बेत घेऊन. गेममध्ये आपला स्वतःचा बॅट्समन तयार करता येतो. त्यानं एक तयार केला होता, सगळे आकडे काठोकाठ, आणि नाव दिलं होतं: भाऊसाहेब.

कोल्हापुरात हे नाव कुणाचं ते सांगावं लागत नाही. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापुरात जन्मले आणि २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच गेले. बॅटिंग तर करायचेच, मध्यमगती बॉलिंग टाकायचे, विकेटकीपिंगही करायचे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला पूना क्लबवर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड रणजी सामन्यात त्यांनी नाबाद ४४३ केले. ४९ चौकार आणि एकच षटकार. काठेवाडचे २३८ होऊन गेले होते, महाराष्ट्राचे ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ रनांवर. तिसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली आणि काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी कळवलं: डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आणि निघाले. बाडबिस्तरा गुंडाळून पूर्ण टीम. सामना सोडून दिला, पण नोंद आपल्या बॉलिंगवर व्हायला नको. इतकं करूनही भाऊसाहेबांना कसोटी सामना एकही मिळाला नाही.

आमच्या बालपणी हे प्रकरण 'रडीचा डाव' या वाक्प्रचाराचं उदाहरण म्हणून सांगायचे. कट्ट्यावर ठाकोरसाहेबांचं नाव निघालं की तात्या अजून चूळ भरल्यासारखं तोंड करतात.

"मी भाऊसाहेब. तुमी काठेवाड," पुतण्या म्हणाला. "चार दिवसांची मॅच. घ्या बॉलिंग."

मी वही काढली. धरण भरायच्या आधी काय ते करायचं होतं, म्हणून पहिल्या बॉलपासून एसटी आणि जावई, तीन स्लिप. पट्टी दहाव्या मिनिटाला ३९ फुटांवर गेली. जेवणापर्यंत ४३. पंत आणले, पंतांनी टाळीचा एक बॉल टाकला आणि भाऊसाहेबांनी त्याच्यावरच चौकार मारला, टाळी त्यांना. शंभर झाले, दीडशे झाले. मी आशा सोडली नव्हती. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आपल्या शेजारच्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी ब्रॅडमनला कसोटीत दोनदा बोल्ड केलं होतं, आणि त्यातला दुसरा बोल्ड ॲडलेडला ब्रॅडमन २०१ वर असताना. म्हणून मी २०१ ची वाट बघितली. २०१ आले. म्हशीला सांगलीची आठवण करून दिली. चौकार. २०५.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाच्याच अंगात दम उरला नव्हता. पाच रेघा, पाचही लाल, दिवाळीची माळ लावल्यागत लुकलुकत होत्या. विकेटकीपरला बॉलिंग दिली. मग ओपनरला. मग ज्याच्या नावापुढं बॉलिंगचा आकडाच नाही, नुसती आडवी रेघ आहे, अशाला दिली. त्यानं बाकीच्यांपेक्षा बरी टाकली. ३५०. ४००. सांगायला काही उरलं नव्हतं. मी जे म्हणेन ते ही अकरा माणसं मुकाट करत होती, कुणी तोंड वर करून म्हणत नव्हतं, की साहेब, आता पुरे.

तेव्हा मला ठाकोरसाहेब दिसले. पूना क्लबच्या जेवणाच्या टेबलावर, समोर वाढलेलं ताट, बाहेर ८२६, आणि बॉलर एकामागून एक येऊन 'कुणी टाकायची?' म्हणून विचारतायत. आम्ही पंच्याहत्तर वर्षं ज्याला रडी म्हणत आलो त्या माणसाकडं बॉलिंगचा एक डाव शिल्लक होता आणि त्यानं तो बिनचूक टाकला. बरं, नोंद व्हायला नको म्हणून गेले ना? पुढं १९५९ मध्ये हनीफ महंमदनं ४९९ करून ब्रॅडमनचा विक्रम मोडला. समोरच्या बहावलपूरच्या संघानं बिचाऱ्यानं शेवटपर्यंत बॉलिंग टाकली. त्यांचा कप्तान कोण होता, कट्ट्यावर एकाला सांगता येत नाही. ठाकोरसाहेब सगळ्यांना पाठ.

मी गेममध्ये ते बटण शोधलं. डाव सोडायचं बटण आहे, पण ते बॅटिंगवाल्यांना. बॉलर बदला आहे, फील्डिंग बदला आहे, वेग वाढवा आहे. 'घरी जा' नाही.

भाऊसाहेब ४३८.

"काका, पंधरा राह्यले," पुतण्या म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "आज ब्रॅडमनला मागं टाकायचंच. कोण टाकतोय?"

मी उठलो, पायात चपला सरकवल्या.

"कुठं चाललासा?"

"दूध आणायला."

"आता? काका, पंधराच हो! पाच मिंटं बसा की!"

मी जिना उतरत होतो. वरून हिचा आवाज आला, "अहो, दूध हाय घरात!"

कट्ट्यावर गर्दी नव्हती. दूधवाल्यानं पेला भरून पुढं केला आणि माझ्या हातांकडं बघितलं.

"आज मोबाइल दिसंना. चार्जिंगला व्हय?"

"नाही," म्हटलं, "बॅटिंगला."